फ्रीझरमधली सोबत

देवरेमॅडम फ्रीझर उघडण्याआधी त्याच्या दारावर टकटक करतात. आत माणसं नसतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे इवलेसे तुकडे असतात, संशोधनासाठी नळ्यांत गोठवून ठेवलेले. मॅडम त्यांना ‘मंडळी’ म्हणतात.

आमच्या नाशिकच्या हॉस्पिटलात या नमुन्यांच्या त्या प्रमुख. कुठली नळी कुठं आहे हे शोधणारा प्रोग्राम माझा. काहीही बिघडलं की चूक माझीच असणार, हे मी धरूनच चालतो. लाइट गेली तरी मला अपराधी वाटतं.

परवा पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. एका दुर्मिळ गाठीचा नमुना त्यांना कुठंच मिळत नव्हता, आणि त्यावाचून त्यांचं काम अडलं होतं. मी गाठीचं नाव टाकलं आणि पडद्यावर ओळ उमटली. होती! एकच नळी, पण आमच्याकडे! बाई खुर्चीतून उठल्याच. त्यांच्या पेटीतला कोरडा बर्फ वाफ होऊन उडत होता आणि नाशिक रोडहून त्यांची गाडी सुटायला आली होती.

मी धावत जाऊन सातवा डबा काढला. रिकामा.

“गेलं. माझ्याच प्रोग्रामनं घालवलं,” मी म्हणालो. तेवढ्यात दार उघडं राहिलं म्हणून फ्रीझर कोकलायला लागला.

मॅडम अर्धा चहा सोडून आल्या. “आधी दार लावा, जाधव. मंडळींना ऊन लागतंय.”

“मॅडम, सातव्यात काही नाही.”

“नसणारच. तिथं ती एकटी पडली होती. पाचव्यात नेली मी तिला, चौघींच्या शेजारी.”

“आणि नोंद?”

“राहिली.”

“अहो, हा फ्रीझर आहे, लेडीज होस्टेल नाही.”

त्यांनी टकटक केलं, हातमोजा आत घातला आणि आनंदाच्या भरात त्यांच्या तोंडून सटाण्याची बोली बाहेर पडली. “आठेच शे!” इथंच आहे!

नळीतला छोटा तुकडा घेऊन बाई जवळजवळ नाचतच गेल्या. उरलेला मॅडमनी पुन्हा चौघींत ठेवला.

“पण सोबत कशाला लागते त्यांना?” मी विचारलं.

मॅडम हातमोजे काढत राहिल्या. “ही गाठ कळवणकडच्या एका बाईची. ऑपरेशनला एकटीच आली होती. गाठ ठेवायची परवानगी मागितली, तर म्हणाली, ‘ठेवा, पण एकटी नका ठेवू तिला.’ मी हो म्हणून बसले.” हातमोजे टोपलीत टाकत म्हणाल्या, “मीही घरी टीव्ही लावल्याशिवाय जेवत नाही.”

दुपारी मी प्रोग्राममध्ये एक नवा रकाना घातला. ‘सोबत कोण’. मग माझा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर टकटक केलं.

“तुम्ही इकडे कसे? जेवता ना रोज तिकडे कॉम्प्युटरपाशी?”

“जागा बदलली,” मी म्हणालो. “नोंद केलीय.”