जहाजाचं नाणं आणि कानस

"कपाटाला कोणी हात लावला होता?"

भिंगरावांनी हे विचारलं तेव्हा त्यांची बायको शेंगा मोडत बसली होती. तिने मान वर केली नाही. खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं. पण भिंगराव पडले वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेलं मेण शोधण्यात गेलेला. घरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायची सवयच राहिली नव्हती.

"मी कशाला हात लावू तुमच्या त्या काळ्या चकत्यांना?"

"तेच म्हणतोय मी. काळं होतं ना? मग हे काय?"

त्यांच्या तळहातावर जहाजाचं नाणं लखलखत होतं. जुनं चांदीचं नाणं, एका अंगाला शिडाचं जहाज. गेल्या आठवड्यापर्यंत ते चुलीतून काढल्यासारखं काळं होतं, आणि नाणी जमवणाऱ्यांत त्या काळेपणालाच मोल. रविवारी वाचनालयात त्यांच्या नाणी जमवणाऱ्या मंडळाचं प्रदर्शन होतं, आणि मधल्या काचपेटीचा मान या नाण्याला मिळाला होता. भिंगरावांनी कोटाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती.

"बरं दिसतंय की," बायको म्हणाली. "चारचौघांत ठेवायचं म्हणजे जरा..." पण नवऱ्याच्या भुवया कुठवर चढल्यात ते बघून तिने उरलेलं वाक्य गिळलं.

भिंगरावांनी खिशातलं भिंग काढलं. याच भिंगामुळे मंडळात त्यांना हे नाव पडलेलं. अक्षरांच्या कडा बोथट, खाचा भरलेल्या, आणि काठावर जिथे झीज झाली होती तिथे तांबूस डोकावत होतं. तराजूवर टाकलं तर वजन कमी. संपलं! याच छापाची नाणी पुढे तांब्याची निघाली होती, आणि त्यांना चांदीचा मुलामा देऊन भोळ्याभाबड्यांच्या गळ्यात मारायचा धंदा जुनाच होता.

आता प्रश्न उरला की काळ्याचं पांढरं झालं कसं? दुसरा कोणी म्हणाला असता, नाणं बदललं. भिंगरावांनी त्याहून खोल बुडी मारली. काळेपणाच खोटा! वरून काजळी फासली होती, ती उडाली आणि आतला मुलामा उघडा पडला. आणि नाणं दिलं कोणी? घड्याळजींनी. तीस वर्षांचा दोस्त, रोज संध्याकाळी एकत्र चहा. पण निरीक्षक तो निरीक्षक, तडक घड्याळांच्या दुकानात गेला.

"तीस वर्षं मी तुझ्या हातचा चहा प्यायलो," ते भर गिऱ्हाइकांत ओरडले, "आणि तू मला मुलामा दिलेलं नाणं देतोस?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. नाण्याकडे बघितलं, मित्राकडे बघितलं आणि खोल श्वास घेतला. "अरे, आधी घरी जाऊन वहिनींशी बोल."

"घरच्यांना मध्ये आणू नकोस! माझ्या बायकोचा काय संबंध?"

"बाबा रे, मी शब्द दिलाय म्हणून गप्प बसलोय. बोल तरी तिच्याशी."

"उडवाउडवी पुरे! खरं नाणं आहे का नाही तुझ्याकडे?"

घड्याळजींनी निमूटपणे खण उघडला, कापसात गुंडाळलेलं काळं नाणं काढलं आणि समोर ठेवलं. "घे. आणि जा."

भिंगराव रस्त्यावर आले खरे, पण पाऊल अडखळलं. इतक्या सहज दिलं? वाद नाही, घासाघीस नाही? त्यांनी भिंग लावलं. शिडाजवळ तीच बारीक चीर, काठाला तोच पोचा. हुबेहूब आपल्या कपाटातल्या काळ्या नाण्यासारखं! म्हणजे घड्याळजींनी खोट्या नाण्यांची जोडीच करून ठेवली होती तर. चोर तो चोर, वर शिरजोर!

घरी येताच त्यांनी दोन्ही नाणी टेबलावर टाकली, अवजारांच्या डब्यातून कानस काढली, दात आवळले आणि काळ्या नाण्याच्या काठावर खर्रकन ओढली. आत चांदी निघाली. आणखी खोल गेले. तिथेही चांदीच!

"अगं बाई, हे काय करताय?" बायको धावत आली. "दोन दोन कशी झाली?"

मग सगळं बाहेर आलं. काळं नाणं चारचौघांत कसं ठेवायचं म्हणून तिने ते गुपचूप घड्याळजींकडे नेलं होतं. "भावजी, जरा मुलामा देऊन द्या, रविवारपर्यंत यांना कळू देऊ नका," अशी शपथच घातली होती. मुलामा दिला की नाणं मातीमोल, हे घड्याळजींना ठाऊक होतं. मंडळातल्या नवशिक्यांना खरं-खोटं शिकवायला त्यांच्याकडे मुलामा दिलेलं एक तांब्याचं जहाज होतं. ते त्यांनी तिच्या हाती ठेवलं आणि मूळ नाणं कापसात जपलं.

म्हणजे घासलं गेलं ते भिंगरावांचंच खरं नाणं.

"एवढा ओरखडा पडलाच आहे," बायको हळूच म्हणाली, "तर आता मुलामा द्यायला काय हरकत आहे?"

भिंगराव तसेच चपला अडकवून दुकानात गेले. नाणं पुढे करून म्हणाले, "चुकलो रे. गाढव आहे मी."

घड्याळजींनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरले, ते नाण्यासाठी की मित्रासाठी, कोण जाणे. "माफी नको मला. रविवारी दिवसभर पेटीपाशी उभा राहा. जो विचारेल त्याला हा ओरखडा कसा पडला ते सांग. अक्षरन् अक्षर. चहा घेणार?"

रविवारी भिंगराव इस्त्रीच्या कोटात पेटीपाशी उभे राहिले. माणसं येत होती, ओरखडा बघून हळहळत होती, आणि ते प्रत्येकाला कपाटापासून कानशीपर्यंत सगळं सांगत होते. पलीकडच्या टेबलावर घड्याळजी चहाचा कप तोंडाशी धरून हसू दाबत होते. बायकोने दुपारी येऊन डबा दिला आणि दोघांकडेही न बघता निघून गेली.

हॉल बंद व्हायच्या बेताला एक अनोळखी गृहस्थ आले. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली, वाकून पेटीत डोळे खुपसले, मग सरळ झाले आणि एक भुवई चढवली.

"ते ठीक आहे हो. पण तुम्ही घासलं ते हेच नाणं, कशावरून?"

पलीकडचा कप खाली आला. भिंगरावांनी त्या भुवईकडे बघितलं. फार ओळखीची भुवई होती. त्यांनी गृहस्थांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"तुम्ही एक काम करा," ते म्हणाले. "आधी घरी जाऊन वहिनींशी बोला."