धुरींचं अकरावं भोक

धुरींना भोकं आवडत.

हे असं उघड लिहायला मला थोडा संकोच वाटतो, पण दुसरा शब्द वापरला असता तर तो त्यांना चालला नसता. धुरीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना नेहमी म्हणत, "चार माणसांत भोक भोक काय करता? छिद्र म्हणा की." त्यावर धुरी शांतपणे सांगत, "छिद्र आपोआप पडतं. भोक पाडायला लागतं."

कोणाच्याही घरी गेले की धुरी आधी भिंतीकडे बघत. नळ भिंतीत जिथे शिरतो, वायर जिथून बाहेर येते, तिथे तर्जनी फिरवत आणि निकाल देत. "उंदराने पाडलंय" हा नेहमीचा निकाल. जरा बरं असेल तर "घाईत होता". आणि क्वचित, वर्षातून एखाद्या वेळी, मान हलवून म्हणत, "माणूस होता." याच्यापुढे त्यांच्याकडे कौतुक नव्हतं.

विलेपार्ल्याला पूर्वेकडे आमची दारं समोरासमोर होती. धुरी मूळचे वेंगुर्ल्याकडचे. तीस वर्षं त्यांनी विमानतळावरच्या एका वर्कशॉपमध्ये काढली. विमान चालवणाऱ्याच्या समोर एका पत्र्यावर गोल घड्याळं बसवलेली असतात, वेगाचं, उंचीचं, तेलाचं. ती काढायची, दुरुस्त करायची आणि परत आपापल्या भोकात बसवायची, हे त्यांचं काम. लोकांच्या घरी रंगीत टीव्ही नुकते येऊ लागले होते, त्या सुमाराला ते निवृत्त झाले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, म्हणून ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "ओ लायब्ररी, वाचून झालं असेल तर जरा इकडे या."

त्यांना जाऊन आता चार महिने होतील. मी काहीतरी लिहावं असं वहिनींनीच सुचवलं. "पण रडकं लिहू नका हां," त्या म्हणाल्या. "त्यांना हसू येईल."

तेव्हा आधी पुतण्याच्या लग्नाची गोष्ट सांगतो. मुलगी पाहायला बोरीवलीला जायचं होतं आणि बरोबर एक शिकलेला माणूस असावा म्हणून मलाही नेलं होतं. पोहे आले, मुलगी आली, प्रश्न सुरू झाले, आणि धुरी दिसेनात. ते टीव्हीच्या मागे होते. त्या काळी टीव्हीला सरकत्या दारांचं लाकडी कपाट असे. हे कपाट मुलीच्या वडिलांनी स्वतः केलेलं होतं आणि वायर जायला मागच्या फळीला एक भोक होतं. धुरी गुडघ्यांवर बसून त्यात बोट फिरवत होते.

मुलीचे वडील घाबरले. "काही हरवलं का आपलं?"

धुरी धूळ झटकत उठले आणि आपल्या भावाला म्हणाले, "होय म्हणून टाक."

"अरे, मुलीशी एक शब्द तरी बोल!"

"कित्याक? बोलायचं कशाला? मागच्या बाजूचं भोक, जन्मात कोण बघणार नाही असं, त्याची कड या माणसाने पॉलिश पेपरने घासलीय. अशा घरातली मुलगी डाळ करपवणार नाही."

लग्न झालं. डाळ मधूनमधून करपते असं पुतण्या सांगतो. बाकी संसार उत्तम चालला आहे.

काम करताना धुरी मालवणीत शिरत. कानस चालवता चालवता कोणी "झालं का?" विचारलं की उत्तर एकच, "वायंच रवलां." म्हणजे थोडंच राहिलंय. हे थोडं कधीकधी आठवडाभर टिके. सोसायटीच्या सोळा दारांना बाहेरचा माणूस दिसावा म्हणून भिंगं बसवायचं ठरलं, तेव्हा धुरींनी एका दाराला दोन दोन दिवस घेतले. सेक्रेटरी पेठे वैतागले.

"अहो धुरी, तोवर चोर येऊन जाईल."

"येऊ दे. दार बघितल्यावर तोच म्हणेल, इथे नको."

आणि मग एक दिवस सबनीस आले.

सबनीस इंजिनिअर. पवईच्या बाजूला त्यांचं पंपांचे सुटे भाग बनवायचं शेड होतं, आणि त्या शेडच्या अर्ध्या भागात ते स्वतः विमान बांधत होते. लहानसं, दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. नकाशे परदेशातून मागवलेले. सांगाडा उभा होता, पंख तयार होते, राहिला होता तो घड्याळं बसवायचा पत्रा. कोणीतरी धुरींचं नाव सांगितलं म्हणून ते आले होते, जुन्या चादरीत गुंडाळलेला पत्रा छातीशी धरून.

"धुरी, एकच आहे," ते बसायच्या आधी म्हणाले. "भाच्याने अमेरिकेहून कपड्यांच्या बॅगेतून आणलाय. एक भोक चुकलं तर दुसरा पत्रा नाही. आणि सहा आठवड्यांनी सरकारी तपासनीस येणार आहेत. नकाशात आहे तसंच्या तसं दिसलं नाही, तर ते सही करणार नाहीत. सहा वर्षं घातलीत मी यात."

धुरींनी दोन्ही हात पुढे केले. पहिलटकरणीकडून बाळ घ्यावं तसा तो पत्रा घेतला.

पाडायची भोकं दहा होती. सहा मोठी, तीन इंच एक सूत, म्हणजे तीन इंचांवर इंचाचा आठवा भाग, एवढ्या व्यासाची, आणि चार लहान, सव्वादोन इंची. प्रत्येकाभोवती स्क्रूंसाठी बारीक भोकं होती ती वेगळीच, पण त्यांना धुरी मोजत नसत. पत्रा जेवणाच्या टेबलावर मांडला गेला आणि सहा आठवडे नवराबायको जमिनीवर बसून जेवले. वहिनी पानं वाढताना मोठ्याने म्हणत, "टेबलावर विमान आहे. उठलं की आपण बसू."

खऱ्या पत्र्याला हात लावण्याआधी सराव हवा. त्यासाठी मजल्यावरच्या सगळ्यांकडून डब्यांची झाकणं मागवण्यात आली. आमच्या आईच्या चिवड्याच्या डब्याचं झाकण परत आलं, ते बरोबर तीन इंच एक सुताचं भोक घेऊन.

"अहो, चिवडा मऊ पडेल ना!" आई म्हणाली.

"पण कड बघा," धुरी म्हणाले.

मध्ये एकदा सबनीस डोकावले. त्यांना राहवेना. "माझ्याकडे मशीनला लावायचा कटर आहे. गोल फिरतो, दोन मिनिटांत भोक. आणू का?"

"नको. पातळ पत्रा असला की कटर त्याला पकडतो आणि गरगर फिरवतो. भोक पण जातं, बोट पण जातं."

धुरींची रीत वेगळी होती. आधी कंपासने गोल रेघ ओढायची. रेघेच्या आत, अगदी खांद्याला खांदा लावून, बारीक ड्रिलने भोकांची माळ पाडायची. माळ पूर्ण झाली की मधली चकती हलक्या हाताने सोडवायची. मग उरलेले दात अर्धगोल कानशीने घासत घासत रेघेपर्यंत यायचं. "रेघ अर्धी खायची, अर्धी ठेवायची," ते मला सांगत. "पूर्ण खाल्ली तर घड्याळ हलणार. पूर्ण ठेवली तर बसणारच नाही." अर्धी रेघ राहिली की नाही हे बघायला माझं वाचायचं भिंग ते घेऊन गेले होते आणि सहा आठवडे मी बारीक टाइपाची पुस्तकं बाजूला ठेवून दिली होती. शेवटी परीक्षा. वहिनींच्या जुन्या मलमलच्या साडीचा एक तुकडा भोकाच्या कडेवरून गोल फिरवायचा. एक धागा जरी अडकला तरी भोक नापास, परत कानस. मी संध्याकाळी कामावरून आलो की समोरच्या दारातून त्या कानशीचा आवाज येई. एखादं मांजर समाधानाने घुरघुरतंय असं वाटे.

तपासनीस यायच्या दिवशी सकाळी धुरी आणि मी रिक्षाने पवईला निघालो. वहिनीही निघाल्या. "माझं टेबल कशासाठी गेलं होतं, ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या. पत्रा धुरींच्या मांडीवर. रिक्षावाल्याला बजावलं होतं, "खड्डा आला की आधी सांग." तो बिचारा साकीनाक्यापासून पुढे एकसारखा "आला, आला" म्हणत होता.

शेडमध्ये सबनिसांनी चादर उलगडली. काम सुंदर झालं होतं. पत्र्यात भोकं पाडली आहेत असं वाटतच नव्हतं. पत्रा भोकांसकटच जन्माला आला असावा असं वाटत होतं. सबनीस हसले. मग त्यांचे ओठ हलू लागले, आणि हसू गेलं. त्यांनी पुन्हा मोजलं.

"धुरी, ही अकरा आहेत."

"होय."

"नकाशात दहा आहेत."

"होय."

"हे अकरावं उजवीकडे आहे. दुसऱ्या सीटच्या समोर. इथे काहीच नाहीये हो! इथे कोरा पत्रा पाहिजे!"

"ठाऊक आहे मला."

"वाट लावलीत माझी!" सबनीस खाली स्टुलावर बसले. "तासाभरात माणूस येतोय. आता कुठून आणू पत्रा?"

"मी म्हणतच होते," वहिनी मला हळूच म्हणाल्या, "जेवायच्या टेबलावर काम करू नका म्हणून."

धुरींच्या हातून चुकीचं भोक पडणं म्हणजे काय, हेच मला समजत नव्हतं. तेवढ्यात धुरींनी रेक्झिनच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं एक जुनं घड्याळ काढलं. उंची दाखवणारं. भंगाराच्या लिलावातून आणून त्यांनी ते दुरुस्त केलं होतं. अकराव्या भोकात ते त्यांनी ठेवलं आणि चार स्क्रू पिळले. चपखल बसलं.

"तिथे बसणार कोण?" सबनीस ओरडले. "पाहुणा बसणार! त्याला उंची कळून काय करायचंय? विमान चालवणार मी!"

धुरींनी स्क्रूंची डबी पुढे ओढली. बाकीची घड्याळं बसवायला लागले.

तपासनीस साहेब वेळेवर आले. बारीक अंगाचे, सफारी घातलेले, काखेत फाइल. पंख पाहिले, तारा ओढून पाहिल्या, प्रत्येक गोष्ट नकाशाशी ताडून खूण केली. मग पत्र्यापाशी आले. पेन्सिल एकेका घड्याळावरून सरकत गेली आणि शेवटच्यापाशी थांबली.

"हे नकाशात नाही."

सबनीस काही बोलणार, तेवढ्यात धुरी पुढे झाले. "त्यांचा संबंध नाही साहेब. मी केलंय."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"कशासाठी?"

धुरींनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग वहिनींकडे बोट करून, पण त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "हिचं मोठं ऑपरेशन झालं होतं. बरीच वर्षं झाली. बारा दिवस ऑक्सिजन होता. सिलिंडर पलंगाच्या उशाशी, आणि त्याचं घड्याळ पलंगाकडे तोंड करून. मी सिलिंडरच्या मागे, स्टुलावर. इथून हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. तसली घड्याळं मी जन्मभर दुरुस्त केली साहेब, आणि मला त्याची नुसती पाठ दिसत होती. किती भरलाय, किती उरलाय, काय कळायला मार्ग नाही. विचारलं की सगळे म्हणायचे, ठीक आहे, ठीक आहे." त्यांनी उजवीकडच्या सीटकडे हात केला. "चालवणाऱ्याला सगळं दिसतं. शेजारी बसलेल्याला कोण काय दाखवत नाही. म्हणून पाडलं."

पहिल्या बोलल्या त्या वहिनी.

"बारा दिवस? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं?"

"अहो, चौथ्या दिवसापासून मी शुद्धीत होते! घड्याळ माझ्याच बाजूला होतं ना? मला विचारायचं. मी वाचून दाखवलं असतं!"

हा उपाय धुरींना इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "नकाशात नाही ते मी पास करू शकत नाही," ते म्हणाले. सबनिसांनी डोळे मिटले. "तेव्हा नकाशात घाला. वजन लिहा, कारण लिहा, खाली सही करा. मग मी करतो. तोवर चहा मागवा."

"कारण काय लिहू?" सबनिसांनी विचारलं.

"लिहा, प्रवाशाच्या माहितीसाठी."

सबनिसांनी कंपास शोधला. नकाशाचा कागद सारखा गुंडाळला जात होता, म्हणून तो मी दोन्ही बाजूंनी दाबून धरला.

पुढे ते विमान उडालं, सबनिसांनी पेढेही वाटले. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा, विमान जमिनीवर असतानाचा चहा. आम्ही कप हातात घेऊन उभे होतो. धुरींनी वहिनींचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं आणि उजवीकडच्या सीटवर बसवलं. स्वतः बाहेरच, दाराला टेकून उभे राहिले.

"काय दाखवतंय?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"लहान काटा कुठे आहे?"

"शून्यावर."

"मोठा?"

"तोही शून्यावर."

"बरोबर. म्हणजे आपण जमिनीवर आहोत."

"ते मला न बघताही कळतंय हो."

"ठाऊक आहे," धुरी म्हणाले. "तरी बघ."

वहिनींनी पदराच्या टोकाने घड्याळाची काच पुसली आणि पुढे वाकून पुन्हा एकदा नीट पाहिलं.