मुनीरभाईंचा कान

मुनीरभाई कुठल्याही वस्तूकडे आधी बघत नाहीत, तिला कान लावतात. नव्या कपाटाला, पाण्याच्या टाकीला, माझ्या स्कूटरलासुद्धा कान लावून उभे असलेलं मी त्यांना पाहिलं आहे. नारायण पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे राहायची खोली, आणि त्यावर मी. चाळीस वर्षं घड्याळं ऐकून त्यांनी एक सिद्धांत पक्का केला होता. आवाज येतोय ना, मग चालू आहे. घड्याळ मागे पडतं म्हणून कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाला ते एकदा म्हणाले, "घड्याळ बरोबर आहे. आपण घाईत आहात."

हाच सिद्धांत लंबकला लागू. लंबक हा त्यांचा बोका. रोज सकाळी मुनीरभाई त्याच्या पोटाला कान लावत, घुरघुर ऐकत, "चालू आहे" असं जाहीर करत आणि मगच कामाला बसत.

त्या मंगळवारी मी शाळेत शिकवायला निघाले, तेव्हा लंबक वाळूच्या घमेल्यात बसला होता. चष्मा विसरला म्हणून परत आले, तरी तिथेच. वाळू कोरडी. पाठ आखडलेली, डोळे अर्धवट मिटलेले, बशीतली मासळी तशीच. पोटाला हात लावला तर अंगावर फिसकारला, आठ वर्षांत पहिल्यांदा. मला धडकी भरली. माझ्या माहेरच्या बोक्याची अशीच लघवी तुंबली होती आणि दुसऱ्या दिवशी तो गेला होता.

मी हे सांगितलं. मुनीरभाईंनी कान लावला. "घुरघुरतोय, बाई. चालू आहे."

डॉक्टरकडे नेऊ म्हटलं, तर डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले की शाळेत मुलं खोळंबली असतील. मग आमची जुंपली. मी शाळेतली बाई आहे, माघार घेणं मला शिकवलेलं नाही. तेवढ्यात लंबक पुन्हा घमेल्यात गेला. कुंथला. थेंब नाही. बारीक आवाजात एकदाच ओरडला. मुनीरभाईंनी पुन्हा कान लावला, आणि या वेळी "चालू आहे" म्हणताना त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

मी बाजाराची टोपली रिकामी केली, त्यात बोका घातला आणि रिक्षा थांबवली. मुनीरभाई दुकान उघडं टाकून शेजारी येऊन बसले. वाटभर त्यांचा कान टोपलीला होता.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मूत्राशय दगडासारखं घट्ट झालंय, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हाती लागला नसता, म्हणाले.

"पण तो घुरघुरत होता," मुनीरभाई म्हणाले.

"दुखतं तेव्हाही घुरघुरतात हो. स्वतःलाच धीर देतात."

लंबकला नळी घालायला आत नेलं. मुनीरभाई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसले.

"सकीना शेवटच्या महिन्यापर्यंत स्वयंपाकघरात गुणगुणत होती," मग ते म्हणाले. "मी दुकानातून ऐकायचो."

मलाही वर ऐकू यायचं. किती मजेत असते ही, असं वाटायचं. सकीनाभाभी आजारपणात गेल्या, तोवर त्यांना बघायला मीही कधी खाली उतरले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

लंबक वाचला. आता मुनीरभाई रोज आधी त्याचे डोळे बघतात, वाळू ओली आहे का बघतात, टेबलावर उडी मारतो का बघतात. कान सगळ्यात शेवटी.

परवा मी गॅलरीत कपडे वाळत घालताना सहज गुणगुणत होते. जिन्यावर पावलं वाजली. भिंग कपाळावर सरकवून मुनीरभाई दारात उभे.

"बाई, कुठं दुखत तर नाही ना?"

नाही म्हटलं, तरी ते जरा वेळ माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले.