दामलेबाईंचे अर्धे चमचे

आमच्या शेजारच्या दामलेबाईंनी घरातल्या सगळ्या चमच्यांचे दांडे अर्धे कापलेत. "एवढं कशाला लागतं काका? उगाच आड येतं."

पडदे आड येतात म्हणून काढले. दारावरची पाटी काढली, त्यामुळे पोस्टमन माझी बेल वाजवतो. वारज्यातली आमची अख्खी सोसायटी त्यांना चक्रम म्हणते. मीही म्हणायचो.

मी सातवी शिकलेला फिटर. खडकीला कारखान्यात जन्मभर लोखंड घासलं, त्या आवाजात कान गेले. एकदा बाई पेपर न्यायला आल्या, तेव्हा भाकरी खाता खाता मोठ्यानं विचारलं, "बाई, तुम्ही त्या प्रयोगशाळेत नेमकं बनवता काय?"

त्यांनी माझ्या ताटातला कांदा उचलला, आतला पापुद्रा सोलून उजेडात धरला. "अशा पातळ, सिलिकॉनच्या चकत्या. एकामागे एक उभ्या करायच्या. डोळ्यांना कधीच दिसणार नाही असा कण त्यातून आरपार जातो. प्रत्येक चकतीवर एक ठिपका कळतो. ठिपके जोडले की तो कुठून निघाला, कुठे वळला, सगळं सापडतं."

"मग चांगल्या जाडजूड करा की! टिकतील."

"जाड केल्या तर तो अडखळतो, वाट बदलतो. आपण बघायचं, पण त्याला धक्का लावायचा नाही."

केसाचीही जाडी मोजणारा मायक्रोमीटर वापरतो म्हणून आयुष्यभर स्वतःला शहाणा समजत होतो!

माझी बायको शांता चैत्रात गेली. शेवटी शेवटी ती भिंतीला हात टेकत चालायची. हाताला सतत तेल चोळायची, त्याचे डाग भिंतीवर राहिले. तिने मला हाक मारली असेल आणि मला ऐकू आली नसेल, हे काही डोक्यातून जात नाही.

परवा मुलाने रंगारी पाठवला. त्याने डबा उघडला आणि बाई पेपर परत द्यायला आल्या. भिंत बघून थबकल्या.

"दादा, ब्रश खाली ठेवा. काका, काकू कुठे जायच्या?"

"मोरीत. आणखी कुठे जाणार?"

बाई गुडघ्यांवर बसल्या, बोट फिरवत सरकल्या. "हे डाग मोरीकडे गेलेत. पण हे बघा, इथून वळले. तुमच्या खुर्चीकडे."

दुपारी मी त्याच खुर्चीत घोरतो.

"शेवटचा ठिपका सगळ्यात ठळक आहे. पुन्हा पुन्हा, बराच वेळ टेकायच्या इथे."

"मग हाक मारली असणार. मीच बहिरा."

"हाताच्या अंतरावर होत्या, काका. उठवायचं असतं तर हलवलं असतं. नुसतं बघायचं असेल. झोप न मोडता."

मी चष्मा पुसत बसलो. रंगाऱ्याने विचारलं, "मग ही भिंत?"

"ही सोडा. ही आड येत नाही." मग दारातून बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझ्याकडे सगळ्या भिंती कोऱ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे चहाला गेलो. चहाबरोबर तळलेले पोहे होते. उठताना तेलकट हात भिंतीवर चांगला दाबून टेकला. मुद्दाम.

बाईंनी पाहिलं. पुसायला फडकं आणायला काही गेल्या नाहीत.