टेम्पोच्या स्प्रिंगा आणि मोरपंखी सोफा

माल कसा पारखायचा हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय! शाळेत मी जेमतेम चौथीपर्यंत टिकलो, पण गॅरेजात सगळा जन्म गेला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला की नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठलं बेअरिंग गेलंय. मग सोफा म्हणजे काय हो? चाकं नसलेली गाडीच की! असं मी छातीठोक बोलून बसलो आणि तिथंच घात झाला.

आमच्या जुन्या सोफ्याचा सांगाडा सागवानी, अगदी पैलवान. पण आतलं सगळं आटोपलेलं. माणूस बसला की असा आत जायचा की दोघांनी हात धरून उपसून काढावा लागायचा. बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, आल्या की दारातूनच म्हणायच्या, "मला बाई खुर्चीच दे." अर्धा कप चहा घ्यायच्या आणि "येते गं" म्हणून निघायच्या. त्यांच्या घरचा सोफा म्हणजे ढग! बायको त्या ढगावर बसून आली की संध्याकाळभर गप्प गप्प असायची.

एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, जन्मभर मी ताईच्या सोफ्यावर बसले. एकदा ताईला माझ्या सोफ्यावर ऐसपैस बसलेलं बघायचंय. बास, दुसरं काही मागणं नाही."

असं म्हटल्यावर काय बिशाद आहे नवऱ्याची! दुसऱ्याच दिवशी फर्निचरच्या दुकानात हजर.

तिथल्या गळ्यात टाय लावलेल्या विक्रेत्यानं आम्हाला तीन सोफे दाखवले. पहिला दिसायला नवरीसारखा, पण हात टेकला तर कुरकुरला. दुसरा मजबूत, पण दवाखान्याबाहेरचं बाकडं बरं! तिसरा मजबूतही आणि देखणाही. त्याच्या किमतीची चिठ्ठी वाचली आणि मी ती हळूच उलटी करून ठेवली. बायकोनं बघायला नको.

"साहेब, पहिलाच घ्या," टायवाला म्हणाला. "हल्ली सगळे हाच नेतात. स्टाईल बघा ना!"

"स्टाईल बघितली. आता खालून बघतो."

"खालून?"

आता जुनी गाडी घेताना आपण काय करतो? सरळ खाली आडवं होऊन बघतो. मीही फरशीवर उताणा पडलो आणि सोफ्याखाली सरकलो. बाहेर नुसते पाय राहिले. झालं! टायवाल्याला वाटलं, किंमत बघून मला चक्कर आली. "पाणी आणा! पाणी!" म्हणून बोंब ठोकली. कुणीतरी माझा बूट काढून तळपाय चोळायला लागलं! आणि मी खालून ओरडतोय, "अगं, यात स्प्रिंगच नाही! नुसतं चड्डीचं इलॅस्टिक ताणलंय!"

"अहो, हळू बोला," बायको म्हणाली. "आणि आधी बाहेर या. सगळं दुकान जमलंय."

मी कपडे झटकत उठलो आणि जाहीर करून टाकलं, "इलॅस्टिकवर बसायला आपण काय गलोलीतले खडे आहोत? सांगाडा आपला, स्प्रिंगा माझ्या, कापड तुझ्या पसंतीचं. मजबूत, स्वस्त आणि देखणा! असा सोफा करतो की ताईंचा ढग पाणी पाणी होईल!"

तिनं माझ्याकडे बघितलं. विश्वास होता की काळजी, ते मला आजवर कळलेलं नाही. पण कापडाच्या दुकानात गेली आणि मोरपंखी रंगाचं असं काही कापड निवडून आणलं की काय सांगू! त्यावरून हात फिरवत होती, जसं काही बाळच घरी आणलंय.

स्प्रिंगा मी मोडीत निघालेल्या टेम्पोंच्या घेतल्या. एकेक मनगटाएवढी जाड. त्या सांगाड्यात बसवल्या तेव्हा सोफे शिवणारा आला. तो दाबून दाबून घामाघूम झाला. "काका, यावर सोफा करायचाय की पूल बांधायचाय?" म्हणाला. कापड मात्र झकास चढवलं त्यानं. सोफा दिवाणखान्यात ठेवला तर सगळी खोली उजळली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती बसली.

म्हणजे, टेकली. सोफा तसूभर हलला नाही.

"अहो, हा बसत का नाही?"

"नवीन आहे. रुळेल."

"दगडावर बसल्यासारखं वाटतंय हो."

"नवीन गाडीसुद्धा आधी जरा कडक असते. रुळेल म्हटलं ना!"

पण रविवार उजाडला तरी सोफा रुळेना. अन् संध्याकाळी ताई यायच्या होत्या! बायकोनं त्यावर उशी ठेवून बघितली, उचलली, परत ठेवली. ते बघून मला राहवलं नाही. चढलो सोफ्यावर आणि लागलो उड्या मारायला. धाड! धाड! धाड!

"अहो, उतरा! लागेल!" बायको ओरडली.

"आज याला नरम केल्याशिवाय सोडत नाही!" मी ओरडलो.

आमच्या खालच्या मजल्यावर मास्तर राहतात, शाळेतून रिटायर झालेले. त्यांना खालून काय ऐकू गेलं असेल? धाड धाड आवाज, बाईचा ओरडा आणि "नरम केल्याशिवाय सोडत नाही!" मास्तर काठी घेऊनच वर आले. मागे मास्तरीणबाई, आणि शेजारचं अख्खं कुटुंब आजीसकट.

"खबरदार बाईवर हात टाकाल तर!" मास्तर गरजले.

मी सोफ्यावर उभा, लुंगी एका हातात धरून. अन् नेमक्या त्याच वेळी मास्तरांच्या खांद्यावरून ताईंचं डोकं डोकावलं! पाठोपाठ साडूभाऊ. साडूभाऊ म्हणजे भरलेला ट्रक हो! दार अडलंच.

"काय चाललंय गं?" ताई म्हणाल्या.

बायको कसनुसं हसली. "काही नाही, नवीन सोफा आहे ना. बस ना, ताई. सगळेच बसा ना!"

ताई बसल्या. आपटल्याच म्हणा. "अगं आई गं! हा बसायचा आहे की नुसता बघायचा?"

बायकोचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, सोफ्याखाली सरकावं आणि या वेळी बाहेरच येऊ नये. ती मुकाट्यानं खुर्ची आणायला वळली.

तेवढ्यात, बसा म्हटलंय तर नाही कशाला म्हणा, म्हणून मास्तर टेकले. मास्तरीणबाई टेकल्या. शेजारीण बसली, तिनं आजीला शेजारी घेतलं. शेवटी साडूभाऊंनी "सरका जरा" म्हणून बूड टेकवलं. आणि काय सांगू! सोफ्यानं एक लांब उसासा सोडला आणि सगळी वरात अल्लाद खाली गेली. लोणी हो, लोणी!

ताईंनी डोळे मिटले. "अगं बाई! काय सुख आहे हे! आमचा सोफा म्हणजे याच्यापुढे लाकूड!"

बायको खुर्ची हातात धरून तिथंच थांबली. त्या वेळचं तिचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं.

आणि माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. टेम्पो रिकामा असला की आदळतो आणि माल भरला की झुलतो! हे मला, गॅरेजवाल्याला, आत्ता सुचलं!

"कुणी उठायचं नाही!" मी ओरडलो.

"का बरं?" मास्तर दचकले.

"चहा येतोय! चहा घेतल्याशिवाय कुणी हलायचं नाही!"

चहा आला. गप्पा रंगल्या. पण मास्तरांचं वय झालेलं. "जरा जाऊन येतो," म्हणाले. सोफा थोडा वर आला. मास्तरीणबाईंना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. सोफा आणखी वर. मी जाऊन त्यांच्या जागी बसणार, इतक्यात साडूभाऊंचा फोन वाजला आणि ते झटक्यात उठले.

ताई हवेत गेल्या!

कपबशीसकट गेल्या. खाली आल्या त्या शेजारच्या आजींच्या मांडीवर, आणि चहा सगळा मोरपंखी कापडावर.

बायकोनं तोंडावर हात ठेवला. मी दाराकडे बघितलं, पण दारात साडूभाऊ उभे होते.

मग ताईंच्या पोटातून काहीतरी खदखदत वर आलं. त्या हसायलाच लागल्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "धाकटे! लहानपणी आपण खाटेवर उड्या मारायचो आणि आई लाटणं घेऊन धावायची, आठवतं? या, सगळे परत बसा! मास्तरांना बोलवा!"

अर्ध्या कपात पळणाऱ्या ताई त्या दिवशी अंधार पडेपर्यंत हलल्या नाहीत. बायको त्यांच्या कुशीत अडकून बसली होती.

पाहुणे गेल्यावर मी पडेल आवाजात म्हणालो, "चुकलंच जरा. तो दुकानातला तिसरा घेऊ या का?"

"खबरदार!" बायको चहाचा डाग पुसत म्हणाली. "ताई दर रविवारी येणार आहे. माणसं घेऊन येते म्हणालीय."

तेव्हापासून रविवारी आमचा सोफा राजाचा. बाकीच्या दिवशी आम्ही दोघं खाली सतरंजीवर बसतो, सोफ्याला पाठ टेकून. पण टेकायला असा भक्कम सोफा तुम्हाला कुठल्या दुकानात मिळणार नाही, सांगून ठेवतो!