आधी माप, मग नमस्कार

भास्कर माणसाला नमस्कार करण्यापूर्वी त्याचे माप घेतो. यात अतिशयोक्ती नाही. चाळीस वर्षांनी, आमच्या शाळेच्या नव्या इमारतीच्या निमित्ताने, हा माझा विद्यार्थी मला त्याच्या सिडकोतल्या कार्यालयात भेटला. मी आशीर्वादासाठी हात उचलला आणि त्याने त्याच हाताखालून टेप घातली. "हलू नका, सर. खांदा अठरा. आन् पोट... सर, लई वाढलात की हो!" एवढे झाल्यावर तो पाया पडला. मग संगणकावर काहीतरी टिपून खदाखदा हसला. "तुमच्या पोटानं मुख्याध्यापकांची खोली अडीच फूट खाल्ली!" हा विनोद मला तेव्हा कळला नाही.

भास्कर मूळचा सिल्लोडकडचा. आता शहरातला नावाजलेला आर्किटेक्ट. इमारतीत कोणती जागा किती आणि कुठे असावी, हे तो पॅरामेट्रिक मॉडेलिंगने ठरवतो. या शब्दाला वाचकांनी घाबरू नये. त्रिकोणाचा एक कोन वाढवला, तर उरलेल्या दोघांना मिळून तेवढेच कमी व्हावे लागते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तसेच हे. नकाशातली सगळी मापे नियमांनी एकमेकांशी बांधलेली असतात. दार रुंदावले की भिंत सरकते, भिंत सरकली की खिडकी. नकाशा पुन्हा काढावा लागत नाही. म्हणूनच एखादे गिऱ्हाईक "स्वयंपाकघर दहा बाय बारा हवे" म्हणाले, की भास्कर कळवळतो. "आकडा नका सांगू, नातं सांगा. पोळ्या कोण लाटतं? तिच्या पाठीमागून किती जण जातात?"

लासूर स्टेशनच्या एका लग्नात त्याने ऐन पंगतीत टेप काढली. वरणाची बादली घेतलेला वाढपी दोन ओळींमधून अंग चोरून जात होता, ते याला पाहवेना. वधूचे मामा धावत आले.

"तुम्ही मांडववाले का?"

"नाय, जेवणारा. बादलीसकट माणूस अठ्ठावीस इंच असतो, मामा. तुम्ही बावीसच सोडलेत."

मामांनी त्याला वेडा ठरवले. तेवढ्यात वरण एका पाहुण्याच्या फेट्यावर सांडले आणि मामांनी स्वतः सतरंज्या सरकवल्या.

आमच्या शाळेची नवी इमारत बांधायचे ठरले, तेव्हा भास्करने नकाशा आपणहून करून दिला. इतर कामे बाजूला ठेवून तो त्यात गढला होता. मापांना त्याने नावे दिली होती. 'झाडू' म्हणजे बाकांमधून वाकून झाडण्यापुरती जागा. 'डबा' म्हणजे मुलांनी कोंडाळे करून जेवण्यापुरती. एका रांगेत दहा वर्ग, प्रत्येकाची लांबी चोवीस फूट. शेवटचा बाक आणि मागची भिंत यांच्यामध्ये सव्वादोन फूट मोकळे.

संस्थेचे अध्यक्ष भास्करचेच वर्गबंधू. मात्र पहिल्या बाकावरचे. त्यांना तेवढ्याच लांबीत अकरावा वर्ग हवा होता. सभेत त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

"ही काढ. अकरावा आरामात बसतो."

हिशेब मी मनात करून पाहिला. बरोबर होता.

"दुसरं काहीपण कमी करतो," भास्कर म्हणाला. "नायतर अकरावा वर्ग वर बांधू."

"वरती जिना आला, वेळ आला. अरे, तू शेवटच्या बाकावरचा, म्हणून तुला मागचीच काळजी!"

"व्हय. म्हणूनच."

"मग वाईट वाटून घेऊ नको. मला दुसरा आर्किटेक्ट बघावा लागेल."

  भास्कर उठला आणि त्याने खुर्च्या ओळीत मांडायला घेतल्या. भिंतीपासून टेपने अंतर मोजून शेवटची खुर्ची ठेवली.

"तू बस हितं," तो अध्यक्षांना म्हणाला. "सर, तुम्ही मागून या. वर्गात यायचात तसं."

अध्यक्ष कुरकुरत बसले. मी भिंतीकडून निघालो. मला तिरके व्हावे लागले नाही, पोट आवळावे लागले नाही. खुर्चीमागे पोहोचलो आणि माझा हात, मला न विचारता, अध्यक्षांच्या खांद्यावर पडला. मी त्यांच्या वहीवर वाकून पाहिले. वही नव्हतीच. अध्यक्ष मात्र आखडून बसले होते.

"फळ्यावरचं गणित मला कधी कळलं नाय," भास्कर हळू आवाजात म्हणाला. "सर मागं येऊन असं उभं राहिले की कळायचं. मागं जागा होती म्हणून येता आलं. तुला ठाऊक नाय. तू पुढं होतास."

मला स्वतःला यातले काही आठवत नव्हते. वर्गात साठ मुले असत.

अध्यक्षांनी खांद्यावरचा माझा हात लगेच काढला नाही. मग म्हणाले, "वर बांध. जिन्याचं मी बघतो."

सभा पांगल्यावर मी भास्करच्या संगणकाच्या पडद्यावर डोकावलो. मापांच्या यादीत सर्वांत वर एक नाव होते: 'मास्तर'. समोर सव्वादोन फूट. खालची बहुतेक मापे त्याच्याशी बांधलेली. माझे पोट मोजण्यापूर्वी तिथे दोन फूट होते, असे भास्कर म्हणाला. दहा वर्गांत तीन-तीन इंच वाढले, म्हणजे अडीच फूट झाले. मुख्याध्यापकांच्या खोलीचा विनोद मला आता कळला.

"एकदा पुन्हा मोजतो, सर. काम पक्कं झालंय."

मी चष्मा सावरला आणि ताठ उभा राहिलो. टेप छातीभोवती फिरली, थांबली.

"सर, श्वास सोडा," भास्कर म्हणाला, "वर्ग लांबायलेत."