जावयाला आलेली शंका

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं होतं, दाखल्यावर सासऱ्यांचं नाव आणि वय लिहून झालं होतं, मृत्यूच्या कारणापुढे ‘हृदय’ एवढा शब्दही उमटला होता, आणि नेमकं तेव्हाच जावयाने तोंड उघडलं.

“डॉक्टर, ओठ जरा निळसर नाही वाटत?”

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “ऐंशी वर्षांचा माणूस गेलाय. ओठ कसे असायला हवेत?”

“नाही, म्हणजे... कपातला चहाही अर्धाच राहिलाय.”

जावई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा. माणूस निरुपद्रवी होता. फक्त त्याला खुनांचं वेड होतं, आणि ते सासऱ्यांनाही होतं. सासरे पुस्तकवाले, जावई टीव्हीवाला. रोज जेवताना दोघांची जुंपायची. “लेखक वाचकाला फसवतो, पण खोटं बोलत नाही,” सासरे म्हणायचे. “तुझे टीव्हीवाले चाळीस मिनिटांत खुनी पकडतात, कारण पुढे बातम्या लावायच्या असतात.” त्यावर जावई म्हणायचा, “तुमच्या पुस्तकांत पहिलं प्रेत पडेपर्यंत शंभर पानं नुसतं धुकं असतं, बाबा!” एकमेकांवर जीव होता दोघांचा. बोलण्याची रीत तेवढी ही होती.

आणि आता हा माणूस आरामखुर्चीत मान कलंडून पडला होता, आणि कारण काय, तर हृदय. असला शेवट करणाऱ्या लेखकाचं पुस्तक सासऱ्यांनी भिंतीवर फेकून मारलं असतं. जावयाला ते सहन झालं नाही. त्यांच्यासाठी एवढं तरी करावं, असं त्याला खरोखर वाटलं.

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. “तुम्हाला शंका आहे?”

“थोडीशी.”

“थोडीशी शंका नसते हो. असली तर मी सही करत नाही. मागे एकदा अशीच सही करून सहा महिने हेलपाटे घातलेत मी.” आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

आतून बायको आली. रडून तिचे डोळे सुजले होते. मालिकांमध्ये सगळ्यांत जास्त रडणारा माणूसच खुनी निघतो, हे जावयाच्या डोक्यात येऊन गेलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“चहा मी केला होता,” ती म्हणाली. “काय म्हणायचंय तुला?”

“तुझ्याबद्दल नाही गं!”

“मग कोणाबद्दल? घरात आपण तिघंच असतो.”

तीन जिने चढून हवालदार आला. जावई आयुष्यभर या क्षणाची वाट पाहत होता. खोलीत शिरताच सगळं टिपणारी नजर त्याने हवालदाराच्या चेहऱ्यावर शोधली. हवालदाराने आधी पाणी मागितलं, मग खुर्ची मागितली, मग पेन मागितलं, कारण त्याचं चालत नव्हतं.

“तुम्ही ठसे घेणार नाही?” जावयाने विचारलं.

“घेतो ना. ज्याला सही येत नाही त्याचे.” हवालदाराने कागद मांडीवर घेतला. “चहा कोणी केला?”

“बायकोने.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

हवालदाराने ते संथपणे लिहिलं. मग म्हणाला, “आता बॉडी इस्पितळात न्यावी लागेल. शवविच्छेदन. परवापर्यंत मिळेल.”

बायकोच्या हातात वडिलांचा इस्त्री केलेला शर्ट होता. “म्हणजे बाबांना फाडणार?”

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

“मला आजच न्यायचंय त्यांना,” ती म्हणाली. “टाके घातलेले बाबा नकोयत मला. ऐकतोयस ना? काहीही कर. तू घातलेला घोळ तूच निस्तर.”

जावई हवालदाराकडे वळला. “हवालदारसाहेब, मी शंका मागे घेतो.”

“तसा रकाना नाही यात.”

“मी मूर्ख आहे असं लिहा.”

“त्यालाही नाही.” हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने एकदा त्या शर्टाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बघा, जाताना त्यांना काय होत होतं हे कोणी पाहिलं असेल, ऐकलं असेल, तर ते सांगा. डॉक्टरांची खात्री पटली तर मी वर फोन करून विचारतो. शेवटी जवळ कोण होतं?”

“कोणी नाही,” बायको म्हणाली. “मी बाजारात होते. आले तर हे असे.”

दुकानात जावई दिवसभर लोकांना विचारायचा, आता नीट दिसतं का? इथे त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि सांगायचं म्हणजे बायकोच्या देखत सांगायचं होतं. शर्ट घट्ट धरून ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

“मी होतो,” तो म्हणाला. “चार दहाला त्यांनी आतून हाक मारली. छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणाले. हात जड झालाय, घाम फुटलाय म्हणाले. दोनदा म्हणाले.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी म्हटलं, बाबा, पाच मिनिटं. खुनी सांगतायत.” त्याने बायकोच्या हातातल्या शर्टाकडे पाहिलं. “आणि टीव्ही मोठा केला.”

डॉक्टरांनी टोपण काढलं आणि ‘हृदय’च्या पुढचे शब्द लिहिले. हवालदाराने वर फोन लावला, चार वाक्यं बोलला, हं हं केलं आणि मान हलवली. नेता येणार होतं. बायकोने वडिलांची मान हलकेच सरळ केली आणि शर्टाची बटणं सोडू लागली. जावयाकडे तिने पाहिलं नाही.

हवालदाराने जबाब वाचून दाखवला. “यात गुन्हा काही नाही बरं का,” तो समजुतीने म्हणाला. “घरोघरी असंच असतं. मीसुद्धा बघतो ती मालिका.” मग त्याचं पेन थांबलं. “पण चार वाजता तर आदल्या दिवशीचाच भाग परत दाखवतात. काल बघितला नव्हता का तुम्ही?”

बटणं सोडणारे हात थांबले.

“बघितला होता,” जावई म्हणाला.

हवालदाराने तेही लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.